मालमोटारीची शाळा



वसंत व्याख्यानमालेत मालमोटारीच्या ड्रायव्हरचा विषय काढला म्हणजे कुणाला वाटेल, आता इथे गिअर बदलण्याचे धडे मिळणार की काय! पण इस्लापूरला हा विषय परका नाही. गावातला कापूस आणि सोयाबीन बाहेर जातो तो ट्रकच्या पाठीवर. रेल्वे दाराशी असली तरी खताचे पोते आणि दुकानातले मीठ शेवटी ट्रकमधूनच उतरते. आणि शेत लहान, भावंडे पुष्कळ, नोकरीचा पत्ता नाही, अशा घरातला मुलगा ज्या धंद्यांकडे वळतो त्यांत हा एक आहे. अशा मुलांना हल्ली बोलावणे येते : आमच्या कंपनीच्या शाळेत या, महिना-दीड महिन्यात ड्रायव्हर व्हा, नोकरीही आम्हीच देतो. हे बोलावणे कितपत खरे मानावे, एवढ्यापुरतेच आम्हाला बोलायचे आहे.

आधी जुनी शाळा आठवू. तिला इमारत नव्हती. मुलगा क्लीनर म्हणून, आपल्या भाषेत किन्नर म्हणून, गाडीवर चढे आणि उस्तादाच्या हाताखाली वर्षे काढी. चाकावर लोखंडी पहार मारून आवाजावरून हवा ओळखणे, ताडपत्री ओढून दोर आवळणे, गाडी मागे घेताना पत्र्यावर थाप मारून इशारा देणे, हे सारे तो शिके. मग एखाद्या रात्री, रस्ता मोकळा असला आणि उस्तादाला झोप अनावर झाली, म्हणजे चाक हाती येई. या शाळेत शिव्या होत्या, उपासमार होती, पगार नावापुरता होता. शिवाय उस्तादाची जी खोड तीच शिष्याची. उताराला डिझेल वाचवायचे म्हणून गाडी न्यूट्रल करून सोडून देणे ही विद्या अशीच हातोहात पोचली. पण एक गोष्ट त्या शाळेत होती, ती विसरू नये : मुलगा जे काही शिके ते भरलेल्या गाडीवर शिके.

आता कायद्याकडे वळू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे व्यापारी वाहनाच्या परवान्यासाठी वय वीस वर्षे लागते आणि हलक्या वाहनाचा परवाना निदान वर्षभर हाती असावा लागतो. १९८९ च्या नियमांनी जड वाहनाच्या शिक्षणाला किमान तीस दिवस ठरवले आणि त्यात प्रत्यक्ष चालवण्याचे किमान पंधरा तास. म्हणजे दिवसाला अर्धा तास! अर्ध्या तासात आपल्याकडचा मनुष्य एसटीची वाट पाहून होत नाही. इयत्ता आठवीची जी अट होती, तीही २०१९ मध्ये गेली. हरियाणातील मेवातकडच्या अशिक्षित पण हुशार ड्रायव्हरांचा दाखला त्या वेळी सरकारने दिला होता. आम्हाला तो निर्णय चुकीचा वाटत नाही. अक्षरशत्रू मनुष्य उत्तम गाडी हाकू शकतो. पण मग शाळेवरचा भार दुप्पट होतो, हे ओघानेच आले. वाचता न येणाऱ्याला पुस्तक देऊन कसे चालेल?

२०२१ मध्ये मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचे नवे नियम आले. जड वाहनासाठी सहा आठवड्यांत अडतीस तासांचा पाठ, दोन एकर जागा, चालवण्याचा आभास देणारे यंत्र, बारावी झालेला आणि पाच वर्षे गाडी चालवलेला शिक्षक, अशा अटी आहेत. पंधरा तासांच्या मानाने ही प्रगती म्हणावी लागेल, जरी त्या अडतीसांत फळ्यासमोरचे तासही धरलेले आहेत. पण या नियमांत आणखी एक कलम आहे. केंद्राने उत्तीर्ण केलेल्या उमेदवाराला परिवहन कार्यालयातली चालवण्याची परीक्षा द्यावी लागत नाही. म्हणजे शिकवणारा तोच, परीक्षक तोच. आणि केंद्र जर वाहतूक कंपनीचे असेल, तर नोकरी देणाराही तोच! ज्याच्या अंगणात पाच गाड्या ड्रायव्हरावाचून उभ्या आहेत, त्याने विद्यार्थ्याला नापास करावे, अशी ही अपेक्षा आहे. करील तर तो साधू पुरुष म्हणायचा.

कंपन्या सगळ्या सारख्या नसतात, हे येथे सांगितले पाहिजे. गाडी बनवणाऱ्या कंपनीची शाळा वेगळी आणि गाडी चालवून पैसे मिळवणाऱ्या कंपनीची शाळा वेगळी. तामिळनाडूत नामक्कल हे ट्रकवाल्यांचे गाव. तेथे अशोक लेलँडने १९९५ साली राज्य सरकारच्या सहकार्याने ड्रायव्हरांची शाळा काढली. गाडी बनवणाऱ्याचा स्वार्थ असा, की आपली गाडी चांगल्या हाती पडावी, क्लच जळू नये, नाव राहावे. त्याला मनुष्य उद्याच चाकावर बसवायचा नसतो, म्हणून त्याच्या स्वार्थाचा आणि विद्यार्थ्याच्या हिताचा रस्ता बराच वेळ बरोबर जातो. वाहतूक कंपनीचे तसे नाही. तिला मनुष्य या आठवड्यात हवा असतो.

कुणी म्हणेल, एसटीसुद्धा आपले ड्रायव्हर आपणच तयार करते, तिला का दोष देत नाही? महामंडळाची पहिली गाडी १९४८ साली पुणे-नगर रस्त्यावर धावली. तेव्हापासून कितीतरी पिढ्यांत नुसता परवाना दाखवून कुणाला बसचे चाक मिळाले नाही. महामंडळाची स्वतःची परीक्षा आणि स्वतःचे शिक्षण असे. पण तेथे मनुष्य निवृत्तीपर्यंत राही. कच्चा ड्रायव्हर घेतला तर त्याचा ताप तीस वर्षे आपल्यालाच, हे आगाराला ठाऊक असे. जेथे माणूस दोन वर्षांत निघून जायचा, तेथे त्याच्यावर कोण कशाला मेहनत घेईल?

हा प्रश्न आपल्यापुरताच आहे असेही नाही. अमेरिकेत मोठ्या वाहतूक कंपन्यांच्या शाळा फार आहेत. तेथे फेब्रुवारी २०२२ पासून नवशिक्या ड्रायव्हरला शिक्षण सक्तीचे झाले. पण चाकावर किमान किती तास बसवायचे, हे त्या नियमाने ठरवलेच नाही. शिक्षकाला योग्य वाटले म्हणजे झाले. युरोपात याच्या उलट. तेथल्या २००३ च्या निर्देशाप्रमाणे पूर्ण पाठ २८० तासांचा, घाईचा १४० तासांचा, आणि पुढे दर पाच वर्षांनी ३५ तासांची उजळणी. आमचे अडतीस तास यांच्या शेजारी ठेवून पाहावेत.

पण तासांपेक्षाही आम्हाला वजनाची काळजी अधिक वाटते. २०१८ मध्ये दोन आसांच्या ट्रकला मालासह १६.२ टनांऐवजी १८.५ टनांची मुभा मिळाली. अशी गाडी रिकामी असताना सहा-सात टन भरते. म्हणजे मैदानात रिकाम्या गाडीवर जो शिकला, त्याच्या हाती नोकरीच्या पहिल्या दिवशी जवळजवळ तिप्पट वजनाचे जनावर येते. ते लवकर थांबत नाही, वळणावर आत झुकत नाही, बाहेर ओढते. घाटात तर गोष्टच निराळी. उतारावर पाय ब्रेकवरच ठेवला, तर चाकातले ड्रम तापतात आणि तापलेला ब्रेक पकड सोडतो. पुन्हा पुन्हा पाय मारला तर टाकीतली हवा उतरते. ती भरायची इंजिनावर चालणाऱ्या यंत्राने, आणि त्याला वेळ लागतो. उपाय एकच : उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकायचा आणि गाडी इंजिनाने अडवून धरायची. मध्ये गिअर काढला, तर भरल्या गाडीला तो परत पडेलच असे नाही. हे फळ्यावर लिहून दिले तर मुलगा घोकील. पण भरलेली गाडी मागून ढकलते म्हणजे काय, ते त्याच्या पाठीला कळल्यावाचून तो उतारावर योग्य वेळी हात हलवणार नाही. जुन्या उस्तादाकडे हीच एक श्रीमंती होती, आणि पुष्कळ नव्या शाळांनी ती मोडीत काढून तिच्या जागी पडद्याचे यंत्र बसवले आहे. यंत्र वाईट नाही. त्यावर पाऊस आणि अंधार दाखवता येतो, चूक झाली तर कुणी मरत नाही. पण त्याचे तास चाकाच्या तासांत धरणे म्हणजे पोहण्याचे शिक्षण विहिरीच्या काठावर उरकणे होय.

२०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे गेली. ती सगळी ट्रकखाली गेली नाहीत, आणि प्रत्येक वेळी दोष ट्रकवाल्याचाच असतो असेही नाही. उलट गर्दी आधी त्यालाच मारते. पण ड्रायव्हर कच्चा निघाला तर त्याची किंमत शाळा देत नाही. ती रस्त्यावरचा सायकलस्वार देतो, नाही तर तो मुलगा स्वतः तुरुंगात देतो.

तेव्हा ज्यांच्या घरातला मुलगा अशा शाळेत निघाला आहे, त्यांनी माहितीपत्रकावरची चकचकीत गाडी पाहू नये. शाळेत जाऊन तेथल्याच मुलांना विचारावे. एका गाडीवर किती जण शिकतात? चौघे बसून दोन तास फिरले, तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धाच तास आला, वहीत मात्र दोन तास लिहिले जातात. गाडीत माल असतो का? रात्री, पावसात, घाटात नेतात का? गेल्या तुकडीतले कुणी नापास झाले का? एकही नाही, असे अभिमानाने सांगितले तर सावध व्हावे.

आणि बंधपत्र. फी नको, पण दोन-तीन वर्षे आमच्याकडेच राहा, सोडले तर अमुक रक्कम भरा, असा कागद पुढे येतो. कंपनीने खर्च केला तर काही अट घालणे अन्याय्य नाही. पण रक्कम खर्चाच्या मानाने आहे का, कंपनीनेच काढून टाकले तर ती कोण भरणार, गाडीचे नुकसान पगारातून कापणार का, हे वाचून घ्यावे. वाचता येत नसेल तर गावातल्या मास्तरांकडून वाचवून घ्यावे. १८७२ च्या करार कायद्याचे ७४ वे कलम असे आहे, की कागदावर लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा. न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देते. हे ठाऊक नसल्यामुळे मुले भिऊन राहतात, आणि झोप झालेली नसताना गाडी घेऊन निघतात. सहीची एक प्रत मागून घ्यावी. परवाना आणि शाळेचा दाखला मुलाने आपल्याजवळ ठेवावा, कंपनीच्या कपाटात ठेवू देऊ नये.