हसू कुणाचं, भीती कुणाला?

(हिंगोली जिल्ह्यातील महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



जाहिरातींविषयी बोलायचं म्हटलं की आपली गाडी पहिल्यांदा कपड्यांवर जाते. १९९५ साली बुटांच्या एका जाहिरातीत मिलिंद सोमण आणि मधू सप्रे अंगावर अजगर घेऊन विवस्त्र उभे राहिले. त्यावर खटला झाला आणि २००९ साली ते सुटले. चर्चा झाली ती मुख्यतः अंगावर काय होतं आणि काय नव्हतं याचीच. मला आज दुसऱ्याच जाहिरातींबद्दल बोलायचं आहे. ज्या आधी बाईला दचकवतात आणि मग म्हणतात, 'अगं, गंमत केली!' किंवा 'तुझ्या भल्यासाठीच केलं!'

जून २०२२ मध्ये 'लेयर शॉट' नावाच्या बॉडी स्प्रेची जाहिरात टीव्हीवर आली. दुकानात एकटी मुलगी, मागे चार तरुण. आपण चार आणि ही एकच, तर शॉट कोण घेणार, अशा अर्थाचं बोलणं तिच्या कानावर पडतं. ती घाबरून वळते. पाहते तो पोरं फळीवरच्या शेवटच्या बाटलीविषयी बोलत असतात. झाला विनोद! ओरड झाली, केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने जाहिरात काढायला लावली, कंपनीने माफी मागितली.

पण तो विनोद चालतो कशावर ते बघा. पाठीमागे चार पुरुष म्हणजे काय, हे या देशातल्या प्रत्येक मुलीला माहीत आहे म्हणून. ती भीती जाहिरातवाल्याने तयार केलेली नाही. त्याला ती आयती मिळाली, फुकट. शिवाय शेवटी वेडी ठरते ती मुलगीच. आपल्या एस.टी. स्टँडवर पोरं वेगळं काय करतात? मुलीने वळून जाब विचारला की उत्तर तयार असतं, "ताई, आम्ही आमचं बोलत होतो."

यावर कुणी म्हणेल, चळवळीतल्या बायांना हसताच येत नाही. ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' १९८३ पासून गावोगाव झालं, बाया पदर तोंडाला लावून हसल्या. पण तिथे हसू मुलीवर नव्हतं, तिच्या जन्माने तोंड पाडणाऱ्या घरावर होतं. आणि काळा विनोद कुणाला शिकवता? सेनगाव तालुक्यातली ऊसतोडीला जाणारी एक बाई मला म्हणाली होती, "पिशवी गेली माय, आता बाजाराला टोपली घेऊन जाते." आम्ही दोघी हसलो आणि मग बराच वेळ काही बोललो नाही. हेच वाक्य एखाद्या दवाखान्याने फलकावर लावलं असतं तर?

आता भल्यासाठी दचकवणाऱ्यांकडे येते. २ फेब्रुवारी २०२४ ला अभिनेत्री पूनम पांडे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने वारली अशी बातमी तिच्याच खात्यावरून पसरली. दुसऱ्या दिवशी ती जिवंत हजर. म्हणाली, या आजाराबद्दल जागृती व्हावी म्हणून केलं. मोहीम आखणाऱ्या जाहिरात कंपनीनेही माफी मागितली. तरी पुष्कळ शहाणीसुरती माणसं म्हणाली, मार्ग चुकला असेल, पण नाव तर घरोघर पोचलं ना! आजार मोठा आहे यात वाद नाही. २०२२ च्या अंदाजानुसार देशात त्या एका वर्षात या कॅन्सरच्या सव्वा लाखाहून जास्त नव्या रुग्ण आणि सुमारे ८० हजार मृत्यू. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तिशी ते पन्नाशीतल्या शंभर बायांमागे दोघींचीही कधी तपासणी झालेली नव्हती.

पण नाव पोचलं म्हणजे काय पोचलं? त्या आठवड्यात एका बचत गटाच्या बैठकीत मला पहिला प्रश्न आला, "अंगावरून पांढरं जातं, म्हणजे तेच का?" दुसरा लगेच, "मग काढूनच टाकावी का?"

हा दुसरा प्रश्न मुंबईच्या जाहिरात कंपनीला सुचणार नाही. मराठवाड्यात कॅन्सरच्या भीतीचा धंदा फार आधीपासून चालू आहे. त्याला फलक लागत नाही. बाई पोटदुखी घेऊन खाजगी दवाखान्यात जाते, खुर्चीतून एक वाक्य येतं, 'आज ना उद्या कॅन्सर होईल', आणि ती उचल घेऊन ऑपरेशन करून येते. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. बीड जिल्ह्यात पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. अशा मुलखात मरणाची खोटी बातमी सोडायची, तर घाबरलेली बाई कुणाच्या दारात जाऊन बसेल याचा विचार करायला नको?

भीती घातल्याशिवाय बाया हलत नाहीत, हे तर मला मुळीच पटत नाही. शेजारचंच उदाहरण घ्या. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाने १९९९ च्या सुमारास मोठा अभ्यास सुरू केला. ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक बाया, सगळ्या खेड्यांतल्या. कार्यकर्त्या घरोघर गेल्या, समजावलं, तपासणीची सोय केली. बोलावलेल्या दहांपैकी जवळपास आठ जणी आल्या. कुणाला खोटं मरावं लागलं नाही. २००९ साली निष्कर्ष आले. एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी केलेल्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू, तपासणी न झालेल्या तेवढ्याच मोठ्या गटात ६४. (तुलनेसाठी एक गट तपासणीविना ठेवला यावर पुढे टीका झाली. ती मला रास्त वाटते. आकड्यांतल्या त्या ६४ जणी आपल्यासारख्याच होत्या.)

दचकवण्याला माझा सरसकट विरोध नाही. हुंडाबळीच्या मोर्चात आपणही जळक्या साडीचा पुतळा नाचवला आहे. त्या पुतळ्यामागे मागणी होती, अमक्याला अटक करा. बघणाऱ्याला पुढे कुठे जायचं ते कळत होतं, आणि घाबरायचं होतं ते सासरच्यांनी आणि पोलिसांनी. जाहिरात मोबाईलवर येवो की आरोग्य खात्याच्या भिंतीवर, मी हेच दोन प्रश्न विचारते. घाबरायचं कुणी? आणि घाबरल्यावर जायचं कुठे?

दुसऱ्याचं उत्तर कागदावर आहे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत ३० ते ६५ वयाच्या बायांची दर पाच वर्षांनी तपासणी सांगितली आहे. पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजे साधारण व्हिनेगरच, लावून डोळ्यांनी बघायची ही तपासणी शिकलेली नर्ससुद्धा करू शकते, काही मिनिटांत. तेव्हा जेवणानंतर गटात बसाल तेव्हा आपापल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचं नाव लिहा. तिथे ही तपासणी कोणत्या वारी होते आणि कोण करतं, हे पुढच्या बैठकीपर्यंत विचारून यायचं आहे. वार ठरलेला नसेल तर तो ठरवून दवाखान्याच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहा, असा अर्ज द्यायचा. अर्जाचा नमुना मी आणला आहे.