खाटेशेजारचा कागद

(साहाय्यक सभासदांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या वर्गणीतून औषधे येतात, गाडीत डिझेल पडते, हे आपण जाणताच. आज मी एका अगदी स्वस्त वस्तूविषयी बोलणार आहे. कॅज्युअल्टीत सिस्टर ज्या कागदावर रुग्णाची नोंद करतात, तो कागद. मी नर्स नाही. पण सातपुड्यातल्या पाड्यांवरून येणाऱ्या रुग्णांसोबत अशा खोल्यांत बऱ्याच रात्री काढल्या आहेत, आणि हा कागद कुठे बसून लिहिला जातो याकडे माझे लक्ष जाते.

पुष्कळदा तो कोपऱ्यातल्या टेबलावर लिहिला जातो. रुग्ण असतो पलीकडच्या भिंतीला. सिस्टर बीपी घेतात, आकडा तळहातावर किंवा हातमोज्यांच्या पाकिटावर टिपतात, तेवढ्यात दुसरी गाडी दाराशी लागते. बसायला सवड मिळेपर्यंत तास उलटून जातो, आणि मग आठवून आठवून लिहावे लागते. यात सिस्टरांना बोल लावू नये. एकटीने चार खाटा सांभाळून पाहाव्यात म्हणजे कळेल. मोठ्या शहरांत चाकांच्या टेबलावर संगणकच खाटेपर्यंत नेतात. आपल्याकडे पॅडला लावलेला कागदही तेच काम करतो. तो खाटेच्या पायथ्याशी टांगलेला हवा, आणि समोरच्या भिंतीवर चालू घड्याळ हवे.

घड्याळ कशाला, हे सर्पदंशाच्या रुग्णाजवळ कळते. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन ती 20 मिनिटे न हलवता ठेवतात. रक्त गोठले नाही तर घोणस किंवा फुरशाचे विष भिनल्याची शंका पक्की होते. रक्त कधी घेतले हे लिहिलेच नसेल, तर 20 मिनिटे झाली की चाळीस, कोण सांगणार? प्रतिविष दिल्यावर साधारण 6 तासांनी ही तपासणी पुन्हा करायची असते. पायाची सूज कुठवर चढली तिथे काही सिस्टर पेनाने रेघ मारून शेजारी वेळ लिहितात. मला ती नोंद फार आवडते, कारण ती रुग्णाला सोडून कुठे जात नाही! मण्यारीच्या दंशात मात्र सूज जवळजवळ नसतेच. तिथे पापण्या जड होताहेत का, श्वास कसा चालला आहे, हे पुन्हा पुन्हा पाहून लिहावे लागते. पुढच्या रुग्णालयात पाठवताना प्रतिविषाच्या किती कुप्या दिल्या आणि केव्हा, हे सोबतच्या चिठ्ठीवर नसेल, तर तिथल्या डॉक्टरांना अंदाजाने चालावे लागते. नातेवाईक एवढेच सांगतात, “सलाईन लावले होते.”

आता भाषेविषयी. 1974 साली ग्लासगो येथील दोन डॉक्टरांनी शुद्ध मोजण्याची एक पद्धत मांडली. डोळे उघडण्याचे 4 गुण, बोलण्याचे 5, हालचालीचे 6, एकूण 15. ती आज जगभर वापरतात. पण बोलण्याचे पूर्ण गुण मिळायला स्थळ, काळ आणि माणसे यांविषयीची उत्तरे बरोबर यावी लागतात. धडगावकडची पावरी बोलणारी आजी पडून डोक्याला मार लागून येते. तिला मराठीत विचारतात, “आज वार कोणता? साल कोणते?” ती गप्प राहते, किंवा दुसरेच काही सांगते. कागदावर पडते, ‘गोंधळलेली’. खरे तर होळीला किती दिवस राहिले हे ती चोख सांगेल. या एका शब्दामुळे धडधाकट शुद्धीच्या बाईला दूरच्या शहरात पाठवले जाऊ शकते. उलटही घडू शकते, आणि ते अधिक वाईट. डोक्यात रक्तस्राव होऊन आजी खरोखरच गोंधळलेली असते, आणि भाषेची अडचण म्हणून ते सोडून दिले जाते.

म्हणून प्रश्न कोणत्या भाषेत विचारला आणि दुभाषी कोण होता, हेही त्याच कागदावर लिहावे, असे मी सिस्टरांना विनवतो. दोन शब्दांचे काम आहे.

या तिमाहीत आम्हाला घड्याळे, पॅड आणि दोरीने बांधलेली पेने हवी आहेत. सोबत पावरीतल्या प्रश्नांचे एक पान गावातल्या दोन आरोग्य कार्यकर्त्या बहिणींबरोबर तयार करत आहोत. वार आणि साल हे प्रश्न त्या बहिणींनी पहिल्याच बैठकीत खोडले. त्यांच्या जागी, तुझ्यासोबत कोण आले आहे, तुझा पाडा कोणता आणि सध्या शेतात काय उभे आहे, हे प्रश्न घेतले आहेत. उत्तरे खरी की नाही, ते दाराशी बसलेल्या नातेवाइकाला विचारून लगेच ताडता येते.