पाऊस थांबला तरी टीव्ही बंद का?

(ग्रामसंघाच्या मासिक सभेत केलेली मांडणी)



बचत झाली, हप्ते झाले. आता दहा मिनिटं घरावरच्या छत्रीबद्दल बोलू. डीडी फ्री डिशला महिन्याचे पैसे लागत नाहीत. मुलांच्या अभ्यासाच्या पीएम ई-विद्या वाहिन्याही तिच्यावर दिसतात. पण पावसाळ्यात मेकॅनिकला बोलवायचं म्हणजे खर्च आलाच.

आधी एवढं ओळखा. जोराच्या सरीत चित्र अडकलं आणि सर ओसरल्यावर परत आलं, तर दुरुस्ती नको. ऊन पडलं तरी ‘सिग्नल नाही’ असंच दिसत असेल, तर वायरीचा सांधा बघा.

छत्रीपुढच्या दांड्यावर एलएनबी असतो. त्याला वायर कनेक्टरने जोडलेली असते. वायरीत मधोमध तार, भोवती पांढरा फोम आणि त्यावर बारीक तारांची जाळी. सांध्यातून पाणी शिरलं की जाळी ते दिव्याच्या वातीसारखं आत ओढते. जाळी काळी पडते, तार गंजते. मग चांगली वायर लागेपर्यंत कापून नवा कनेक्टर बसवावा लागतो.

म्हणून मृगाआधी, कोरड्या दिवशी हे करा :

१. सेट टॉप बॉक्सचा प्लग काढा. याच वायरीतून एलएनबीला १३ ते १८ व्होल्ट वीज जाते.

२. कनेक्टर पुसून घट्ट पिळा.

३. स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून, निम्मी निम्मी एकमेकीवर चढवत, खालून वर गुंडाळा. कौलंही आपण खालच्या ओळीपासूनच लावतो ना, तसंच. पाणी वरच्या वर घसरतं.

४. त्यावर काळी पीव्हीसी टेप लावा, म्हणजे उन्हाने रबर तडकत नाही. नुसती पीव्हीसी टेप मात्र उन्हात सुटते.

५. सांध्याखाली आणि वायर घरात शिरते तिथे तिला झोळीसारखा बाक द्या. पाणी तिथूनच ठिबकून जातं.

आंबट वासाचं सिलिकॉन लावू नका, त्याने तांबं खराब होतं.

ओल्या पत्र्यावर, विजा चमकताना किंवा जवळून विजेच्या तारा जात असतील तर अजिबात चढू नका. शिडी धरायला कुणीतरी हवंच.

‘हे बायकांचं काम नाही’ असं कुणी म्हणेल. अहो, कुकरची रिंग आपणच बदलतो, गळका नळही आपणच बांधतो! गटात टेपचा एक रोल आणून ठेवा. एका रोलमध्ये बऱ्याच घरांचे सांधे होतात. पुढच्या सभेत किती घरं झाली ते सांगा.