पाऊस पडो : स्पॅनिशची वरची इयत्ता



परकी भाषा म्हणजे शहरातल्या इंग्रजी शाळेच्या मुलांचे काम, असा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. अंबड तालुक्यात, धुळे-सोलापूर रस्त्यावरच्या वडीगोद्रीतली दहावीची एखादी मुलगी म्हणाली, "मला स्पॅनिश शिकायची, तीही वरच्या इयत्तेपर्यंत," तर घरचे काय म्हणतील? "बाई गं, आधी इंग्रजी तर नीट येऊ दे!" माझे म्हणणे उलट आहे. स्पॅनिशची वरची इयत्ता इंग्रजीच्या वाटेने अवघड आणि मराठीच्या वाटेने पुष्कळच सोपी आहे.

पावसाचेच घ्या, आपल्या मुलखात दुसरा विषय कुठला? 'पाऊस पडला' याला स्पॅनिशमध्ये 'योबियो' म्हणतात आणि 'पाऊस पडत होता' याला 'योबिया'. 'आजोबा त्या दिवशी बाजारला गेले' आणि 'आजोबा दर आठवड्याला बाजारला जात' हा भेदही तिथे असाच क्रियापदात दिसतो : 'फुए' आणि 'इबा'. इंग्रजीत दोन्हीकडे एकच रूप चालून जाते, म्हणून इंग्रजीतून शिकणारा इथे वर्षभर ठेचकाळतो. तुम्ही मात्र हा भेद रोज बोलता.

आता खरी वरची पायरी. 'पाऊस पडतो' म्हणजे 'युएबे'. पण 'पाऊस पडो' म्हणायचे तर 'के युएबा'. एका स्वराचा फरक! 'तो येतो हे मला ठाऊक आहे' यात 'बिएने' येते, आणि 'त्याने यावे अशी माझी इच्छा आहे' यात 'बेंगा'. घडते ते एका रूपात, घडावेसे वाटते ते दुसऱ्या रूपात. या रूपांना भिऊन कित्येक जण भाषा सोडतात. आपल्या व्याकरणात आज्ञार्थ नि विध्यर्थ आहेतच. 'पाऊस पडला असता तर कापूस आला असता' हे वाक्य तर, देव करो नि न बोलावे लागो, शेतकऱ्याच्या तोंडी असतेच. त्यातल्या 'पडला असता'लाही तिकडे इच्छेच्या रूपांच्याच कुळातले रूप लागते.

'मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात.' 'मे गुस्ता एल मांगो, मे गुस्तान लोस मांगोस.' आवडणारी वस्तूच कर्ता. मी नुसता 'मला'! उच्चारातही त्यांचा त आपला त, द आपला द.

सगळेच मात्र गोड नाही. विहीर खोल आहे आणि विहीर कोरडी आहे, या दोन 'आहे'ना तिथे वेगळी क्रियापदे आहेत. खोली हा विहिरीचा गुण, म्हणून 'एस'. कोरडेपण ही तिची आजची अवस्था, म्हणून 'एस्ता'. हे मात्र घोकावेच लागेल.

शब्दांची ओळख तर जुनीच. कापसाला ते 'आल्गोदोन' म्हणतात. तो अरबी 'अल्-कुत्न'. साखरेचा 'आसूकार' आणि नारंगीचा 'नारांखा' हे तर आपल्याकडूनच फारसी-अरबीमार्गे तिकडे गेले.

आणि परक्या माध्यमाचे भय मराठवाड्याने का बाळगावे? निजामी अमलात, १९४८ पर्यंत, इथली मुले माध्यमिक शाळेत सगळे विषय उर्दूतून शिकली. पुढे हैदराबादला १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात कित्येकांनी उर्दूतून पदव्या घेतल्या. ती सक्ती होती आणि ती वाईटच होती. मुलांची बुद्धी मात्र तिथे कमी पडली नाही. आज त्याच हैदराबादेत इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठात स्पॅनिशची पदवी घेता येते. दिल्लीच्या सेर्वांतेस संस्थेमार्फत 'देले' परीक्षा होते. तिच्या सहा पायऱ्यांपैकी चौथी, बी-दोन, गाठली की वर्तमानपत्र वाचता येते आणि वादही घालता येतो.

गावात शिक्षक नाही, ही अडचण खरी आहे. तोवर एक वही घाला. डाव्या पानावर मराठी क्रियापदाची रूपे लिहा : पडतो, पडला, पडत होता, पडो, पडावा, पडला असता. उजवे पान कोरे ठेवा. पुस्तक हाती आले की ते भरायला लागा. सुरुवात पावसापासून करा.