पोटातील कळ अंगावर काढू नका



मी कापडाचा व्यापारी, शिक्षणाने बी.कॉम. वैद्यकशास्त्रात माझा अधिकार नाही. तरीही गर्भाशयाबाहेर रुजणाऱ्या गर्भाविषयी बोलण्याचे धाडस करीत आहे; कारण पुरुषांच्या बैठकीत हा विषय निघतच नाही आणि भगिनींमध्ये तो कुजबुजीपुरता निघतो.

सन २०१४ मध्ये नागपूरच्या लता मंगेशकर रुग्णालयात सिवनीकडील, साठीच्या घरातील एका महिलेवर शस्त्रक्रिया झाली. पोटात गाठ लागत होती, म्हणून प्रथम कर्करोगाची शंका आली. सोनोग्राफी, सीटी स्कॅन व एमआरआय झाल्यावर उलगडा झाला, की ती गाठ म्हणजे छत्तीस वर्षांपूर्वीच्या गर्भाचा सांगाडा होता! १९७८ मध्ये तो गर्भाशयाबाहेर वाढून दगावला होता. त्या वेळी शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला होता; भीतीपोटी ती टळली, गावातील औषधोपचाराने वेदना शमल्या आणि विषय मागे पडला. वृत्तपत्रांनी हे नवल म्हणून छापले. मला मात्र त्या भीतीचेच अधिक वाईट वाटले. ती माउली वाचली हे तिचे भाग्य. सर्वच वाचत नाहीत.

शंभर गर्भधारणांत साधारण एक-दोन गर्भ गर्भाशयाबाहेर रुजतात. त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक गर्भनलिकेत असतात. उदरपोकळीत रुजणारे शेकडा एकच्या आसपास. नलिका फुटली की रक्त पोटातल्या पोटात साचते, बाहेर फारसे दिसत नाही. पाळी चुकलेली, ओटीपोटात कळ, किंचित रक्तस्राव, घेरी, क्वचित खांद्याच्या टोकाशी दुखणे, ही लक्षणे. आपल्या घरांत घेरी आली की उपवासाचा अशक्तपणा आणि कळ आली की पित्त, असे निदान स्वयंपाकघरातच होऊन जाते. साडीतला एवढासा डाग दहा वेळा निरखणाऱ्या आमच्या गिऱ्हाईक भगिनी स्वतःच्या दुखण्याकडे मात्र डोळेझाक करतात.

लघवीची तपासणी गर्भ आहे एवढेच सांगते. कोठे आहे, हे सांगत नाही. त्यासाठी सोनोग्राफी आणि रक्तातील बीटा एचसीजीची तपासणी लागते. गर्भारपणी सोनोग्राफीलाच बंदी आहे, असा काहींचा गैरसमज आहे. १९९४ च्या कायद्याने बंदी आहे ती लिंगनिदानास.

नलिकेतील गर्भ लवकर कळला, तर काही रुग्णांना मेथोट्रेक्सेटचे इंजेक्शन पुरते, काहींना दुर्बिणीची शस्त्रक्रिया लागते. उदरपोकळीतील गर्भाचे प्रकरण कठीण. तेथे वार आतड्यांना किंवा आतील पडद्यांना चिकटलेली असते. ओढून काढू गेल्यास रक्ताचा लोट सुरू होतो. म्हणून अनेकदा शल्यविशारद नाळ बांधून वार तशीच आत ठेवतात. अशा वेळी अनुभवी हात हवेत, आणि रक्ताच्या बाटल्या आधीच हाताशी हव्यात.

अमरावतीला डफरीन व अकोल्याला लेडी हार्डिंग ही स्त्री रुग्णालये आहेत, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. सासूबाईंनी वा यजमानांनी परवानगी देईपर्यंत सकाळची वाट पाहू नये.

विश्वस्तांना एक विनंती. रक्तदात्यांची गटवार यादी दूरध्वनी क्रमांकांसह कार्यालयात लावावी. दुकानाची वेळ न पाहता धावून येतील अशांचीच नावे तीत असावीत. माझ्या दोन्ही मुलांची नावे मी आजच देत आहे.