हाडं गिळणाऱ्या पक्ष्याचा फोटो

गटाच्या बैठकीत फोटो काढायची वेळ आली की काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. निम्म्या जणी मागच्या रांगेत सरकतात. "माझा नको गं बाई, मी चांगली दिसत नाही," असं म्हणत एखादी पदर तोंडावर ओढते. आज आपण फोटोबद्दलच बोलू या, पण बाईच्या नाही, एका पक्ष्याच्या. हा पक्षी इतका कुरूप की त्याच्या जवळपास राहणाऱ्यांनी पूर्वी त्याला अपशकुनी ठरवून टाकलं होतं.

त्याचं नाव हरगीला. नाव आसामी आहे, अर्थ हाडं गिळणारा. हाड आणि गिळणं हे दोन्ही शब्द आपल्याही घरातलेच, म्हणून आपल्याला ते फोडून सांगावं लागत नाही. हा करकोचाच्या जातीतला पक्षी. उंचीला जवळजवळ पाच फूट, म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणींच्या उंचीला लागेल असा. डोकं बोडकं, त्यावर चार विरळ केस. चोच पाचरीसारखी जाड. गळ्यापुढे कातड्याची एक लांब पिशवी लोंबते. पाय पांढुरके दिसतात, कारण उन्हात गारवा मिळावा म्हणून तो स्वतःच्याच पायांवर विष्ठा सोडतो. ऐकूनच नाक मुरडलंत ना? आम्हीही मुरडलं होतं.

काही वर्षांपूर्वी जानेवारीत आमच्या प्रभागसंघातल्या अकरा जणी अभ्यासदौऱ्याला गुवाहाटीला गेलो होतो. विषय होता हातमाग. पण तिथल्या बायकांचं हातमागाचं काम या पक्ष्याशी जोडलेलं आहे, म्हणून त्यांनी आधी पक्षी बघा असा आग्रह धरला. गुवाहाटी शहराच्या कडेला दीपोर बील नावाचं मोठं तळं आहे, रामसर यादीतलं. त्याच्या शेजारी बोरागाव भागात शहराचा कचरा येऊन पडायचा. त्या ढिगांवर हरगीला शेकड्यांनी उभे असत. मेलेली जनावरं, खाटकाकडची हाडं, कुजलेलं मांस, सगळं त्यांच्या पोटात जातं. एके काळी कोलकात्याच्या छपरांवरही हे पक्षी असेच बसत आणि शहराची घाण उपसत. तिथल्या नगरपालिकेच्या जुन्या मानचिन्हावर त्यांचं चित्र होतं, चोचीत साप धरलेलं. आज कोलकात्यात ते नाहीत. आता जगातले बहुतेक हरगीला आसामातच उरलेत.

आम्ही पहिल्यांदा गेलो ते भर दुपारी. मोबाईल काढले, फोटो घेतले. ऊन डोक्यावर होतं, आकाश पांढरंफटक. फोटोत कचरा दिसत होता आणि कचऱ्याच्याच रंगाचे पक्षी. आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या, "याच्यापेक्षा आपल्या उकिरड्यावरचं कुत्रं बरं."

आमच्याबरोबरची तिथली ताई म्हणाली, उद्या सकाळी या, सूर्य वर यायच्या आत. आसामात दिवस आपल्या आधी उगवतो आणि आधीच मावळतो. त्या दिवसांत पाच वाजता तर सूर्य बुडालेला असतो. सकाळी सहाला आम्ही रस्त्याच्या कडेला उभ्या होतो. धुकं होतं, पेटलेल्या कचऱ्याचा धूर त्यात मिसळला होता. घशात खवखव. मग ढिगामागून सूर्य वर आला.

हे नीट सांगतो, कारण फोटो काढणाऱ्या प्रत्येकीला ते उपयोगी आहे. पक्षी आमच्या आणि सूर्याच्या मध्ये उभे होते. ऊन समोरून, त्यांच्या पाठीमागून येत होतं. त्यामुळे अंगावरची घाण सावलीत गेली आणि प्रत्येक पक्ष्याच्या कडेने सोन्याच्या जरीसारखी रेघ उमटली. डोक्यावरचे ते चार केस चमकले. आणि दुपारी किळस आणणारी गळ्याची पिशवी! तिचं कातडं पातळ, त्यातून ऊन आरपार आलं. पेटत्या कंदिलासारखी लाल-केशरी दिसली ती. धुराचे पट्टे सोनेरी झाले. एका पक्ष्याने पंख पसरले. टोकापासून टोकापर्यंत आठ फूट भरतात ते. सगळ्या जणी गप्प झालो.

सकाळचं ऊन असं का असतं, तर सूर्य खाली असताना त्याचा उजेड हवेच्या जाड थरातून येतो. निळा रंग वाटेतच विखुरतो, तांबूस-पिवळा आपल्यापर्यंत पोहोचतो. दुपारी ही वाट आखूड होते. समोरून ऊन येत असेल तर मोबाईलच्या पडद्यावर सर्वांत उजळ जागी बोट टेकवा. बऱ्याच फोनमध्ये तिथे सूर्याचं छोटं चिन्ह येतं, ते खाली ओढा. फोटो थोडा काळोखा होईल, पण कडेची रेघ टिकेल. बोटांनी चित्र ताणून पक्षी जवळ आणू नका, फोटो फाटतो. जिवंत पक्ष्याकडे धावू नका. घरट्याजवळ तर जाऊच नका, उडवायला दगड मारणं तर लांबच राहिलं.

आता आमच्यात वाद झाला तो सांगतो. परत येताना सगळ्या जणी फोटो बघून हरखल्या होत्या. एक अक्का मात्र म्हणाल्या, "वास कुठे आला फोटोत? उकिरडा सोन्याचा केलात तुम्ही." त्यांचं म्हणणं खरं होतं. त्या ढिगावर पक्ष्यांच्या पायाशी बायका कचरा वेचत होत्या, पाठीवर पोती घेऊन. काही फोटोंत त्या होत्या, काहींत कापून टाकल्या होत्या. आम्हाला विचाराल तर त्या सगळ्या फोटोंत चांगला कोणता? ज्यात पक्षी आहे, प्लास्टिकही आहे, आणि पोतं टेकवून उभी असलेली एक बाई आहे. तिला विचारून घेतला होता तो. फोन दाखवल्यावर ती आधी स्वतःला बघून हसली, मग पक्ष्याकडे बोट दाखवून मोडक्या हिंदीत म्हणाली, "ये रोज आता है, मेरे से पहले."

नुसत्या उजेडाने पक्षी वाचत नाही, हेही तिथेच कळलं. हरगीला शहरात पोट भरतो, पण घरटं बांधतो गावात, लोकांच्या परसातल्या उंच कदंबांवर. खाली विष्ठा पडते, सडलेलं मांस पडतं. कोण सहन करील? २००७ साली कामरूप जिल्ह्यातल्या दादरा गावात एका घरमालकाने असंच झाड तोडलं आणि पिल्लं खाली आली. पूर्णिमा देवी बर्मन तेव्हा याच पक्ष्यावर पीएच.डी. करत होत्या. त्या बोलायला गेल्या तर लोकांनी त्यांनाच हसून घेतलं. त्यांनी अभ्यास बाजूला ठेवला आणि गावातल्या बायकांना गोळा केलं. घरट्यांच्या मोसमात त्या बायका पक्ष्याचं डोहाळजेवण करतात, आपण लेकीचं करतो तसं. झाडाखाली जाळी बांधतात, म्हणजे पडलेलं पिल्लू वाचतं. गमछ्यावर, साडीवर हरगीला विणतात आणि विकतात. आज त्या दहा हजारांहून जास्त आहेत. त्या भागातली घरटी २८ होती, ती अडीचशेच्या वर गेली. आम्ही दादऱ्यात गेलो तेव्हा माग चालू होते. हरगीला विणायचा तर त्याची मान किती वाकते, चोच कुठून जाड होते, हे आधी नीट बघावं लागतं, असं तिथली एक विणकर सांगत होती.

आपल्याकडे हरगीला नाही. पण तालुक्याच्या बाजारात कावळे आहेत, खाटीकआळीवर घारी आहेत. कावळ्याला आपण पितृपक्षात हाका मारतो आणि बाकीचे साडेअकरा महिने हाकलतो. तर पुढच्या बैठकीआधी प्रत्येक गटाने एक काम करायचं. सकाळी सात-साडेसातला किंवा संध्याकाळी दिवस कलताना कावळ्याचा एक फोटो काढा. ऊन बाजूने येऊ द्या. काळ्या पिसांवर निळी-जांभळी झाक दिसते, आणि मानेचा राखाडी रंग वेगळा उठून येतो. दुपारचा एक फोटोही काढा, शेजारी ठेवून बघायला. भिंग आधी पदराने पुसून घ्या, चुलीपाशी ठेवलेल्या फोनवर तेलाचा हात असतो. फोटो ग्रामसंघाच्या ताईंकडे द्या, बैठकीत सगळ्या मिळून बघू. आणि त्या दिवशी गटाचाही फोटो काढायचा आहे. सकाळी आठला, शाळेच्या पूर्वेकडच्या ओट्यावर. मागची रांग नसेल.