गहू सोडायचा की नाही?



ज्या भाकरीला शहरानं गरिबाचं खाणं म्हणून नाक मुरडलं, तिच्याच पिठाच्या पिशवीवर आता 'ग्लुटेनमुक्त' असं छापून येतं. ज्वारी खपते, चांगलं आहे. पण तो शब्द गावातही आलाय. पोट फुगलं की जो तो सांगतो, गहू सोडा. सोडायचा का?

ग्लुटेन हे गव्हातलं प्रथिन. कणीक ताणली जाते ती त्याच्यामुळे. ज्वारीत ते नाही, म्हणून भाकरी थापावी लागते. सिलिअ‍ॅक नावाच्या आजारात या प्रथिनामुळे लहान आतड्याचं अस्तर झडतं, खाल्लेलं अंगी लागत नाही. उत्तर भारतात हा आजार शंभरात एकाच्या आसपास आढळला, दक्षिणेत त्याहून पुष्कळ कमी.

मग बाकीचे ढोंग करतात का? नाही. पोट खरंच फुगतं. नॉर्वेतल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. सिलिअ‍ॅक नसताना ग्लुटेन सोडून बसलेल्या ५९ जणांना, कशात काय घातलंय ते न सांगता खायला दिलं. जास्त त्रास झाला तो ग्लुटेननं नव्हे, फ्रुक्टान नावाच्या पिष्टमय पदार्थानं. तो गव्हात असतो, तसाच कांद्यालसणातही. म्हणजे गहू सोडून भाकरीवर कांदा फोडणाऱ्याचं पोट फुगायचं ते फुगणारच!

म्हणून आधी तपासणी. पोराची वाढ खुंटली, जुलाब हटत नाहीत, लोहाच्या गोळ्या घेऊनही बाईच्या अंगात रक्त भरत नाही, तर डॉक्टरला टीटीजी या रक्ततपासणीबद्दल विचारा. ती गहू खात असतानाच करायची. आधीच सोडला तर आजार असूनही तपासणीत दिसत नाही, आणि घर कायमचं अंधारात राहतं.

आजार नाही निघाला, तर चार-सहा आठवडे गहू कमी करून बघा. फरक नाही पडला तर खुशाल पोळी खा. पदरचे पैसे घालून ग्लुटेनमुक्त बिस्किटं आणायचं काही कारण नाही.

निघाला, तर मात्र थोडंसुद्धा चालत नाही, जन्मभर. पोळीच नव्हे, कुरडई, शेवया, रवाही बंद. बाजारच्या हिंगाच्या खड्यातही बहुधा मैदा असतो. आणि गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ दळलेली ज्वारी त्या माणसाच्या कामाची नाही. त्याच्यासाठी जातं वेगळं मांडा, त्यावर गहू कधीच घालू नका.